बांध आणि उघाडी : रसायनशास्त्राच्या परिभाषेविषयी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांच्या हाताखाली मी रसायनशास्त्राची मुळाक्षरे गिरवली, आणि म्हणून चालकांचे निमंत्रण आले तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. मोठे शोध, मोठे कारखाने, या शास्त्राने जगावर केलेले उपकार आणि अपकार यांवर बोलणारे वक्ते आपणांस पुष्कळ मिळतील. मी आज त्या मुळाक्षरांवरच बोलणार आहे. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, द्रावण, अणू, रेणू, आम्ल, आम्लारी, क्षार हे शाळेच्या पुस्तकातले शब्द परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करावेत आणि निकाल लागला की पुस्तकांबरोबर रद्दीत घालावेत, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. या शब्दांना इतक्या स्वस्तात निरोप देऊ नये, एवढेच माझे म्हणणे. आणि ते पेण, अलिबाग, उरणच्या खारेपाटात उभे राहून मांडणे जितके सोपे आहे तितके अन्यत्र कोठे असेल असे मला वाटत नाही.

आरंभ आमच्या घरातल्या एका बरणीपासून करतो. ती चिनीमातीची होती, तिच्या गळ्याशी तपकिरी पट्टा होता, आणि तिच्यात मिठागरावरून आलेले जाडे मीठ असे. आषाढ लागला की त्या बरणीच्या तळाशी पाणी साचे. आजी ती उचलून चुलीशेजारी ठेवी आणि 'मीठ पाझरलं' असे म्हणून कपाळाला हात लावी. मी ही हकीकत गुरुजींना सांगितली तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही. त्या साचलेल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून ये, एवढेच सांगितले. मी ठेवला. तो खारट होता, पण खारटपणाच्या मागून जिभेवर एक कडवट चव रेंगाळली, ती मिठाच्या खड्याला नव्हती. 'मग पाझरले ते मीठ, की मिठाबरोबर घरात शिरलेले आणखी कोणी?' असे गुरुजींनी विचारले, आणि मिश्रण या शब्दाची माझी पहिली ओळख झाली. ज्याला आजी मीठ म्हणत होती त्यात सोडियम क्लोराइड तर होतेच, पण समुद्राचे मॅग्नेशियम क्लोराइडही थोडेसे चिकटून आलेले होते. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर जाईपर्यंत कोरडे राहते. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांच्या आसपासच हवेतले पाणी ओढू लागते. कोकणातल्या पावसाळ्यात दोघांचीही धडगत नसते हे खरे, परंतु आधी आणि अधिक पाझरतो तो हा कडू सोबती. आजीच्या एका शब्दाखाली दोन पदार्थ नांदत होते, आणि ते वेगळे आहेत हे जिभेला कळूनही सांगता येत नव्हते, कारण दुसऱ्याला नाव नव्हते.

परिभाषेचे काम ते एवढेच. खारेपाटातल्या माणसाला मी ते बांधाच्या उदाहरणाने सांगेन. समुद्राचे पाणी आणि भाताचे खाचर यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. तो आहे म्हणून अलीकडे पीक आणि पलीकडे खाडी, असे म्हणता येते. तो फुटला की सगळेच खाजण. पण नुसत्या बांधाने भागत नाही. पावसाचे पाणी बाहेर सोडायला आणि उधाणाचे पाणी आत येऊ न द्यायला त्या बांधात उघाडी लागते, आणि उघाडीसह तो बांध दर वर्षी दुरुस्त करावा लागतो. शास्त्रातली संज्ञा ही अशीच आहे. ती एका कल्पनेला दुसरीपासून अलग करते. पण ज्ञान पुढे गेले की तिच्यात दार ठेवावे लागते, आणि डागडुजी न झालेली संज्ञा केव्हातरी फुटते. आजचे माझे सगळे व्याख्यान म्हणजे या बांधांवरून मारलेला एक फेरफटका आहे असे समजा.

परिभाषा घडविण्याचे काम या जिल्ह्याला नवे नाही. राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला, आणि त्यानंतर फारसी-अरबी कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश शिवाजीमहाराजांनी रघुनाथ पंडितांकरवी सिद्ध करविला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. आज सव्वातीनशेहून अधिक वर्षांनंतर निकाल काय लागला तो पाहण्यासारखा आहे : सचिव आणि मंत्री मुंबईच्या मंत्रालयात बसतात, सुरनीस आणि मुजुमदार आडनावांच्या रूपाने घराघरांत राहतात, आणि कागद, दप्तर, जमीन, वकील, दाखला, महसूल यांना हलविण्याची कोणाची प्राज्ञा झाली नाही. शब्द राजाज्ञेने जन्माला घालता येतो, परंतु त्याला जगवणारा वापरणाराच असतो, हा धडा त्या कोशातून मिळतो. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय निघाले आणि शास्त्रवार परिभाषाकोश तयार होऊ लागले तेव्हाही तोच अनुभव पुन्हा आला. त्याची उदाहरणे पुढे येतील.

आता मिठागरावर चला. या किनाऱ्यावर मीठ 'तयार होते' असे कोणी म्हणत नाही, ते 'पिकते'. पावसाळा सरला की बांध नीट करावयाचे, तळ पायांनी तुडवून घट्ट करावयाचा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी आत घ्यावयाचे आणि मग ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवीत उन्हाला आणि वाऱ्याला देत राहावयाचे, हा क्रम पहिल्या पावसापर्यंत चालतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकातली पहिली तीन प्रकरणे या वाफ्यांत उघडी पडलेली आहेत. समुद्राच्या एका किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम विरघळलेले पदार्थ असतात. त्यांपैकी सुमारे २७ ग्रॅम आपले साधे मीठ. पाणी हा द्रावक, मीठ हे द्राव्य, आणि दोघांचे मिळून झालेले, डोळ्यांना एकजिनसी दिसणारे पाणी हे द्रावण. ऊन पाणी उचलून नेते, मीठ मागे राहते, द्रावण घट्ट होत जाते, आणि अशी एक वेळ येते की त्या पाण्याला आणखी मीठ पोटात ठेवता येत नाही. या अवस्थेला संपृक्त हा शब्द आहे. नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाणी सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळवून ठेवते. त्यापुढे पाण्याचा प्रत्येक थेंब उडून जाताना आपल्या वाट्याचे मीठ टाकून जातो, आणि वाफ्याच्या पृष्ठावर, वारा पडलेला असेल तर, चौकोनी कणांची पातळ पांढरी साय धरते. पुस्तकात याला स्फटिकीभवन म्हटले आहे. मिठागरावर पीक आले असे म्हणतात. दोन्ही शब्द मला सारखेच प्रिय आहेत, कारण पहिला काय घडते ते सांगतो आणि दुसरा कोणाच्या श्रमाने घडते ते.

परंतु पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात का फिरवावयाचे? एकाच वाफ्यात सगळे आटवले तर काय बिघडते? इथे मिठागराचे खरे शास्त्र आहे. समुद्राच्या पाण्यातले पदार्थ एकाच वेळी तळाशी बसत नाहीत. ज्याची विद्राव्यता कमी तो आधी बसतो. पाणी आटून निम्म्याच्या आसपास आले की चुन्याचा कार्बोनेट बाहेर पडू लागतो. मूळच्या पाचव्या हिश्शापर्यंत आले की जिप्सम, म्हणजे चुन्याचा सल्फेट. दहाव्या हिश्शाच्या आसपास आले की मीठ. आणि मीठ बसून गेल्यावर जे कडू, तेलकट भासणारे पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार, पोटॅशियम आणि ब्रोमाइड असतात. म्हणून आधीच्या वाफ्यांत जिप्सम सोडून द्यावयाचे, शेवटच्या वाफ्यांत मीठ घ्यावयाचे आणि कडू पाणी वेळीच बाहेर काढावयाचे. ते काढायला उशीर झाला, किंवा घाईने मीठ निथळू न देता उचलले, तर ती कडू चव बरणीपर्यंत पोहोचते. आमच्या आजीची तक्रार तिच्या बरणीत उत्पन्न झालेली नव्हती. तिचे मूळ मिठागराच्या शेवटच्या वाफ्यात होते. ज्या आगरी समाजाने आगरावरून आपले नाव घेतले त्याने हायड्रोमीटर हाती येण्यापूर्वीच पाण्याचा रंग, साय आणि जडपणा पाहून हा क्रम साधला होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात एका ओळीने तरी यावयास हवी होती.

मिठाकडे राज्यकर्त्यांचेही लक्ष होतेच. बारदेशच्या स्वस्त मिठाने कोकणातले मिठागर बुडू नयेत म्हणून त्यावर जकात वाढविण्याविषयी शिवाजीमहाराजांनी कुडाळच्या सुभेदारास १६७१ साली लिहिले. पुढे इंग्रजांनी मिठावर कर बसविला आणि १९३० साली देशाने मिठाचा कायदा मोडला. पण ज्या एका पदार्थासाठी एवढे राजकारण झाले तो पदार्थ मुळात आहे काय?

पुस्तक सांगते : मीठ हे सोडियम आणि क्लोरीन या दोन मूलद्रव्यांचे संयुग आहे. या वाक्यातला प्रत्येक शब्द तोलून घेण्यासारखा आहे. ज्याचे रासायनिक रीतीने आणखी साधे घटक करता येत नाहीत ते मूलद्रव्य, ही व्याख्या लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८९च्या ग्रंथात दिली आणि ३३ मूलद्रव्यांची यादीही दिली. त्या यादीत त्याने प्रकाश आणि उष्णता यांनाही बसविले, आणि चुना अजून कोणाला फोडता आला नाही म्हणून चुन्यालाही. यादी चुकली तरी व्याख्या टिकली, कारण व्याख्येतच दुरुस्तीची सोय होती : जे फोडता येईल ते यादीतून निघेल. उघाडी म्हणतात ती ही. पुढे हंफ्री डेव्हीने १८०७ साली कॉस्टिक सोडा वितळवून त्यातून विद्युत्प्रवाह सोडला आणि सोडियम वेगळा केला. तो चाकूने कापता येईल इतका मऊ, रुपेरी, आणि पाण्यात टाकला तर पेट घेण्याइतका तापट धातू आहे. क्लोरीन हा हिरवट पिवळा, श्वास कोंडणारा वायू; पहिल्या महायुद्धात १९१५ साली त्याने खंदकांतली माणसे मेली. एक हातात धरवत नाही, दुसरा नाकाशी धरवत नाही, आणि त्या दोघांच्या संयोगातून जे होते ते आपण आमटीत घालतो. मिश्रणात घटकांचे गुण शिल्लक राहतात, संयुगात ते लोपतात आणि नवे उत्पन्न होतात, हा भेद यापेक्षा ठसठशीत रीतीने कोणता पदार्थ शिकवील?

दुसरा भेद प्रमाणाचा. उरणचे मीठ घ्या, सांभर सरोवराचे घ्या, किंवा सिंधू नदीच्या मुलखातून येते म्हणून सैंधव आणि आपल्या बोलीत शेंदेलोण म्हणवणारे डोंगरी मीठ घ्या. त्यातला मळ धुऊन काढला की १०० ग्रॅममध्ये सोडियम ३९.३ आणि क्लोरीन ६०.७ ग्रॅम, हे प्रमाण कोठेही ढळत नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाचे प्रमाण भरती-ओहोटीप्रमाणे, पावसाप्रमाणे, खाडीच्या मुखाप्रमाणे बदलते, कारण ते मिश्रण आहे. मिठात क्लोरीनचे प्रमाण बदलत नाही, कारण ते संयुग आहे. ही गोष्ट प्रूस्तने अठराव्या शतकाच्या अखेरीस आग्रहाने मांडली, आणि डाल्टनने १८०८च्या ग्रंथात तिचे कारण सांगितले : पदार्थ अणूंचे बनलेले असून प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचे वजन ठरलेले असेल, तर त्यांच्या जोड्याही ठरलेल्या प्रमाणातच पडणार.

अणू हा शब्द आपल्याला नवा नव्हता. वैशेषिक दर्शनात परमाणू आहे, दोन परमाणूंचे द्व्यणुक आहे, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक आहे. पण दर्शनातला परमाणू तर्काने सिद्ध केलेला होता आणि डाल्टनचा अणू तराजूने. शब्द एक असला म्हणून कल्पना एक होत नाही. ज्यांना आपल्या पूर्वजांचा अभिमान आहे त्यांनी हा फरक विसरू नये आणि ज्यांना तो अभिमान नाही त्यांनी तर्काची थोरवी विसरू नये. गंमत अशी की भाषांतरकारांनी जेव्हा हे प्राचीन शब्द नव्या कामाला जुंपले तेव्हा मराठी आणि हिंदी यांनी भिन्न वाटा धरल्या. हिंदीत परमाणु म्हणजे मूलद्रव्याचा कण आणि अणु म्हणजे अशा कणांचा समूह. मराठीत पहिल्याला अणू म्हणतात आणि दुसऱ्याला रेणू. उरणच्या किनाऱ्यावरून घारापुरीच्या पलीकडे ट्रॉम्बेच्या टेकड्या दिसतात. तिथल्या संस्थेला आपण मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो आणि हिंदीत तीच भाभा परमाणु अनुसंधान केंद्र होते. मराठी शाळेतून हिंदी पुस्तकाकडे गेलेला विद्यार्थी इथे हमखास ठेचकाळतो. दोष त्याच्या बुद्धीचा नसतो, दोन गावांनी एकाच हद्दीवर वेगवेगळे दगड पुरले आहेत, एवढेच.

रेणू या शब्दापाशी गुरुजींनी मला एकदा असेच अडविले होते. 'मिठाच्या रेणूत सोडियमचा एक आणि क्लोरीनचा एक अणू असतो', असे मी वहीत लिहिले होते. त्यांनी 'रेणूत' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली. मिठाच्या खड्यात सोडियम-क्लोरीनची सुटी जोडपी नसतात. सोडियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, क्लोरीनच्या अणूने तो मिळविलेला असतो, आणि असे धन आणि ऋण भाराचे कण एकाआड एक, वर-खाली, उजवीकडे-डावीकडे, पुढे-मागे मांडलेले असतात. प्रत्येकाला सहा शेजारी असतात आणि त्यांपैकी कोणाएकाशीच त्याचे लग्न लागलेले नसते. खड्याचा घनाकार हा त्याच मांडणीचा उघड्या डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी १९१३ साली तो पक्का केला. या भारित कणांना आयन म्हणतात. फॅरडेने १८३४ साली हा शब्द ग्रीकमधून घेतला. त्याचा अर्थ जाणारा, कारण विद्युत्प्रवाहात हे कण एका अग्राकडून दुसऱ्याकडे जातात. उत्तरायण आणि दक्षिणायन यांतले 'अयन' म्हणजेही जाणे, आणि भाषाशास्त्रज्ञ दोन्ही शब्दांचे मूळ एकाच आद्य धातूत दाखवितात. म्हणून आयन हा शब्द मराठीत आला तेव्हा परका पाहुणा आला असे मी मानीत नाही. दूर देशी राहिलेला चुलत घराण्यातला माणूस परत आला असे मानतो.

मोजणीच्या एका संज्ञेने पुष्कळ विद्यार्थी घाबरतात, तिचाही उल्लेख करतो. तिचे नाव मोल. आपल्या भाषेत मोल म्हणजे किंमत, आणि हा योगायोग सुखद असला तरी इथे त्याचा उपयोग नाही. भात विकताना कोणी दाणे मोजीत नाही. पायलीने मापतो, वीस मणांची खंडी धरतो, आणि अमुक मापात दाणे साधारण किती याची फिकीर करीत नाही. रसायनशास्त्रज्ञाला मात्र फिकीर करावी लागते, कारण संयोग वजनावर ठरत नाही, कणांच्या संख्येवर ठरतो. म्हणून त्याने असे माप शोधले की वजन केले म्हणजे मोजणी आपोआप व्हावी. सोडियमचा अणुभार २३, क्लोरीनचा ३५.५; दोहोंची बेरीज ५८.५, तेव्हा ५८.५ ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल, आणि त्यात सोडियम व क्लोरीन यांच्या जोड्या ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतक्या. ही संख्या पाठ नसली तरी चालेल. मोल ही अणूंची पायली आहे, एवढे ध्यानात राहिले की पुरे.

आता आम्ल, आम्लारी आणि क्षार या त्रयीकडे वळतो, कारण परिभाषेतली चूक आणि परिभाषेतला विनोद दोन्ही इथे एकत्र सापडतात. लाव्हाझिएची अशी समजूत होती की आंबटपणाला कारण प्राणवायू. म्हणून त्याने त्या वायूला ग्रीकमधून 'आम्ल उत्पन्न करणारा' या अर्थाचे नाव दिले. मिठापासून निघणाऱ्या आम्लात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, प्राणवायूचा अंशही नाही हे डेव्हीने १८१०च्या सुमारास दाखविले, पण तोवर नाव रुजले होते. कन्नडने त्याचे शब्दशः आम्लजनक केले, बंगालीने अम्लजान केले, आणि लाव्हाझिएची चूक भाषांतरासह घरी आणली. मराठीने मात्र त्या वायूचे कर्तृत्व पाहून प्राणवायू म्हटले आणि या एका ठिकाणी तरी मूळ फ्रेंचवर मात केली.

आम्लारी हा शब्द मला फार गोड वाटतो. आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू. या शत्रुत्वाचा दाखला घराघरांत आहे : हळदीचा डाग पडलेले धोतर साबणाच्या पाण्यात घातले की डाग तांबडा होतो, आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. हळद ही दर्शक, साबणाचे पाणी आम्लारिधर्मी, लिंबू आम्ल. हळदीला चुन्याची निवळी दाखवून कुंकू करणाऱ्या बायकांनी हाच प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या केला. या दोन वैऱ्यांची गाठ पडली की दोघेही आपला स्वभाव सोडतात, आणि त्या भेटीतून क्षार व पाणी जन्मतात. या क्रियेला उदासिनीकरण म्हणतात. पुढे १९२३ साली ब्रन्स्टेड आणि लौरी यांनी सांगितले की आम्ल प्रोटॉन देते आणि आम्लारी तो घेते. म्हणजे ज्याला आपण वैर समजत होतो तो खरोखर दाता आणि याचक यांचा व्यवहार ठरला. शब्द तोच राहिला, अर्थाची उघाडी मात्र उघडली.

पण क्षार या शब्दाचा बांध आपल्याकडे नीटसा बांधलेला नाही. आयुर्वेदात क्षार म्हणजे वनस्पतींच्या राखेतून काढलेला, झोंबणारा, आजच्या भाषेत आम्लारी वर्गातला पदार्थ; हिंदीतही क्षार त्याच अर्थी आहे आणि मिठाच्या वर्गाला तिथे लवण म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत क्षार म्हणजे लवण. शेतकरी 'जमीन क्षारपड झाली' म्हणतो तेव्हा त्याला मिठाची जमीन अभिप्रेत असते, आणि वैद्य 'क्षार द्या' म्हणतो तेव्हा आणखी वेगळे काही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती काढल्या. तिथल्या कामात खारी जमीन आणि आम्लारिधर्मी चोपण जमीन हा भेद जपावाच लागतो, कारण दोहोंचे उपाय निराळे असतात. एका शब्दाचे दोन अर्थ काव्यात श्लेष होतात. शेतात ते नुकसान होतात.

मिठागरात मीठ येण्यापूर्वी तळाशी बसणाऱ्या जिप्समचा मी मघाशी उल्लेख केला. तोच पदार्थ, खाणीतून काढलेला, पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत वेगळ्या रूपाने भेटतो. जिप्समच्या स्फटिकात कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात, हे स्फटिकजल. जिप्सम सुमारे दीडशे अंशांपर्यंत भाजले की त्यातले दीड रेणू पाणी निघून जाते, १७२ भारातले २७ उडतात, आणि जी पांढरी भुकटी उरते ती प्लॅस्टर ऑफ पॅरिस. तिच्यात पाणी कालविले की गेलेले पाणी ती पुन्हा पकडते, गरम होते आणि घट्ट होते. शेजारीच शाडूची मूर्ती वाळत असते. तीही घट्ट होते, पण तिच्यातले पाणी फक्त उडून जाते, आणि पुन्हा पाण्यात बुडविली की तिची माती होते. एक रासायनिक बदल, दुसरा भौतिक. पाण्यात बुडवून एक परतत नाही, दुसरा परततो. दोन मूर्ती शेजारी ठेवून हा धडा शिकविणारा मास्तर पेणच्या मुलाला व्याख्या पाठ करावयास लावणार नाही. अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठी गेलेल्या कोणालाही त्या व्याख्येचा प्रत्यय येतो.

शेवटी पोत्यांवरच्या शब्दांविषयी. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे. तिथे नैसर्गिक वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांचा संयोग उत्प्रेरकाच्या साहाय्याने घडवून अमोनिया करतात, आणि अमोनियापासून युरिया. युरियाच्या पोत्यात नत्र ४६ टक्के. नत्र, स्फुरद, पालाश या तीन शब्दांकडे नीट पाहा. नायट्रोजनला नत्र; अंधारात चमकतो म्हणून फॉस्फरसला स्फुरद; आणि पोटॅशला पालाश, ज्यात पोटॅशचा नादही आहे आणि पळसाची आठवणही. महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत हे शब्द कोणी उच्चारीत नाही. तिथे नायट्रोजन आणि फॉस्फरसच चालतात. पण चौथी शिकलेला शेतकरी खताच्या दुकानात उभा राहून स्फुरद किती, पालाश किती, असे बिनचूक विचारतो. हायड्रोजनसाठी योजलेला उदजन हा शब्द कोशात राहिला, कारण त्याला कोणी रोजच्या कामाला लावले नाही. स्फुरद शेतात राहिला, कारण त्याच्यावर पिकाचा हिशोब अवलंबून होता. राज्यव्यवहारकोशाने जो धडा दिला तोच थळच्या पोत्याने दिला. म्हणून संस्कृत शब्द की इंग्रजी शब्द हा वाद मला व्यर्थ वाटतो. आम्लारी अर्थ सांगतो म्हणून राहू द्या. ऑक्साइड आणि आयन जगभर एकच आहेत म्हणून राहू द्या. शब्द कोणत्या मुलखातून आला यापेक्षा तो एकच अर्थ दाखवतो का, आणि ज्याला वस्तू माहीत आहे त्याला तो उपयोगी पडतो का, हे दोन प्रश्न त्याला विचारा. या दोन कसोट्यांवर स्फुरद उतरतो, क्षार अडखळतो, आणि तो अडखळतो तोवर परिभाषेचे काम संपले असे कोणी म्हणू नये.

या किनाऱ्यावरचे मिठागर एकेक करून कमी होत आहेत. कोठे बंदराला, कोठे वसाहतीला, कोठे नुसत्या उदासीनतेला ते जागा देत आहेत. त्याबद्दल शोक करण्याचा हा प्रसंग नव्हे. पण जे अजून चालू आहेत त्यांच्या बांधावर आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा, माघ-फाल्गुनात, मीठ पिकत असताना, मुले घेऊन जावे, अशी माझी चालकांना आणि शिक्षकांना विनंती आहे. मुलांनी पहिल्या वाफ्यातले पाणी चाखावे, शेवटच्या वाफ्यातले कडू पाणी चाखावे, मिठाचा खडा भिंगाखाली धरून त्याचे कोन पाहावेत, आणि मिठागरावरच्या माणसाला तो काय करतो ते विचारावे. मग वर्गात येऊन शिक्षकांनी फळ्यावर संपृक्त हा शब्द लिहावा. आधी पाणी, मग शब्द; गुरुजींनी मला याच क्रमाने शिकविले.